युरोपला द्राक्षं पाठवताय? इम्पोर्टरशी वागताना या चुका टाळा

परदेशातल्या इम्पोर्टरशी बिनसलं की 'त्या लोकांची पद्धतच वेगळी' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. नाशिक-सांगलीकडे दर हंगामात हे ऐकू येतं. कधी ते खरंही असतं, पण पुष्कळदा घोळ आपल्याच बाजूला झालेला असतो.

वाईट बातमी दाबून ठेवणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला कंटेनर पोचायला तीन-चार आठवडे लागतात. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यावर आफ्रिकेला वळसा पडला आणि दिवस आणखी वाढले. समजा, वीज गेल्यामुळे काही पॅलेटचं प्री-कूलिंग, म्हणजे माल भरण्याआधी तो थंड करणं, उशिरा झालं. आपण म्हणतो, 'बघू, उतरेल माल चांगला.' तिकडे डच इम्पोर्टरने मात्र त्या आठवड्याचा माल सुपरमार्केटला कबूल केलेला असतो. जहाज समुद्रात असतानाच त्याला कळलं, तर इम्पोर्टर तो माल होलसेलला वळवून दुसरीकडून सोय करू शकतो. दार उघडल्यावर कळलं, तर थेट नुकसानभरपाईचा क्लेमच येतो. मेल एवढाच पुरे: 'या सहा पॅलेटचं कूलिंग उशिरा झालं, नंबर सोबत दिले आहेत, आधी हीच तपासा.' त्याने अब्रू जात नाही, उलट पुढच्या वेळी आपल्या शब्दाला वजन येतं.

रोखठोक उत्तराचा राग धरणं. 'माल खराब, ठरलेला भाव मिळणार नाही' असा दोन ओळींचा मेल आला की मालकाचा पारा चढतो आणि बोलणं बंद होतं. डच माणूस असंच लिहितो, त्यात अपमान नसतो. फोटो, डेटा लॉगरचा (कंटेनरमधलं तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा) ग्राफ आणि सर्व्हेअरचा रिपोर्ट मागा. तितक्याच रोखठोकपणे उलट विचारलेलं त्याला चालतं.

दुबईला तोच हिशोब लावणं. तिथे नुसत्या मेलवर भागत नाही. फोन करा, हंगामाआधी भेटून या, आणि भावाचं बोलणं नवख्या पोरावर सोपवू नका. गेली काही वर्षं रमजानही ऐन द्राक्षाच्या हंगामात येतोय. तेव्हा फळांना मागणी वाढते आणि ऑफिसच्या वेळा कमी होतात.

'इम्पोर्टर सांगेल तसं' म्हणून हात झटकणं. साखळीचा म्होरक्या सुपरमार्केट असतं, हे मान्य. जर्मनीतल्या काही साखळ्यांच्या रेसिड्यूच्या (फळावर उरलेल्या औषधांच्या अंशाच्या) अटी युरोपच्या कायद्याहूनही कडक असतात. पण त्या अटी शेतकऱ्यापर्यंत पोचवायचं पुढारपण निर्यातदारानेच करायचं असतं. 2010 साली द्राक्षांत क्लोरमेक्वाट हे वेलीची वाढ रोखणारं रसायन, म्हणजे आपलं लिहोसिन, सापडलं आणि कंटेनर युरोपात अडकले. मालाचा प्लॉटपर्यंत माग काढणारी ग्रेपनेट ही ऑनलाइन व्यवस्था तेव्हा होती, पण तपासायच्या यादीत हा घटक नव्हता. म्हणून नवी यादी ऑक्टोबर छाटणीच्या आधी मराठीतून बागायतदाराच्या हातात पडली पाहिजे. जमलं तर छाटणीनंतर घड लागले की इम्पोर्टरच्या माणसालाही बागेत आणा. घड विरळणी का आणि किती, हे वेलीखाली उभं राहून लवकर ठरतं.

तोंडी ठरवणं. इथे संस्कृतीचा काही संबंध नाही. माल कन्साइनमेंटवर (विकला जाईल त्या भावाने पैसे) आहे की किमान भावाची हमी आहे, क्लेम किती तासांत कळवायचा, सर्व्हेचा खर्च कोणाचा आणि पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, कधी येणार, हे पहिला कंटेनर भरण्याआधी लिहून घ्या.