मेडिकलच्या फॉर्मवर घरचं उत्पन्न लिहिताना या चुका टाळा

नीटचा निकाल लागला की कागलपासून शाहूवाडीपर्यंत सेतू केंद्रांत गर्दी उसळते, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच आकडा असतो: 8 लाख. बहुतेक घोळ इथेच होतो. ईडब्ल्यूएस (खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बलांचा दाखला) आणि नॉन क्रिमीलेयर (ओबीसींसारख्या प्रवर्गातलं घर ‘प्रगत’ गटात नाही, असं सांगणारा दाखला), दोन्हींची वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 8 लाखच. पण हिशेब पूर्ण वेगळा.

ईडब्ल्यूएसला सगळं धरायचं. आई-वडिलांचा पगार, उसाचं बिल, दुधाचं बिल, दुकानाचा नफा, सगळं. ‘शेतीला इन्कम टॅक्स नाही, मग कशाला दाखवायचं?’ असं पुष्कळ जण म्हणतात. टॅक्स नसला तरी ते उत्पन्नच आहे. शिवाय केंद्राच्या दाखल्यासाठी 5 एकर किंवा त्याहून जास्त शेतजमीन असेल, तर उत्पन्न कितीही कमी असो, पात्रता संपली.

नॉन क्रिमीलेयरचं उलटं. तिथे फक्त आई-वडिलांचं उत्पन्न पाहतात, तेही सलग 3 वर्षांचं, आणि सरकारी पगार व शेती बाजूला ठेवून. ओबीसी घरात वडील झेडपीचे शिक्षक, पगार वर्षाला 9 लाख, 2 एकर ऊस, आई घरी असेल तर नॉन क्रिमीलेयर मिळू शकतं. हेच घर खुल्या प्रवर्गातलं असेल, तर ईडब्ल्यूएस नाही. मात्र वडील थेट वर्ग 1 वर लागलेले असतील, तर पगार न बघता पदावरूनच क्रिमीलेयर ठरतं.

दुसरी चूक दाखल्याच्या नमुन्याची. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाशी जोडलेल्या आपल्या शासकीय कॉलेजातल्याही 15 टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात. तिथे केंद्राच्या नमुन्यातलाच दाखला लागतो, म्हणून केंद्राचा आणि राज्याचा, दोन्ही नमुन्यांतले दाखले काढून ठेवा.

फी सवलतीच्या भरवशावर अभिमत (डीम्ड) विद्यापीठाची जागा घेऊ नका. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती तिथे लागू नाही, मॅनेजमेंट कोट्यालाही नाही.

आणि बँकेत शैक्षणिक कर्जासाठी उत्पन्न 12 लाख दाखवायचं, तहसीलदारांकडे 6 लाख, हा उद्योग करूच नका. आयटीआर (आयकर विवरणपत्र), फॉर्म 16 (पगार आणि त्यातून कापलेल्या कराचा दाखला) आणि स्वयंघोषणापत्र शेजारी ठेवून आकडे जुळवा. चौकशीत खोटं निघालं, तर दाखल्याबरोबर प्रवेशही जातो.

दाखल्यावरची मुदतही वाचा. उत्पन्नाचा दाखला साधारण 31 मार्चपर्यंतच चालतो, त्यामुळे फेब्रुवारीत हौसेनं काढलेला जूनमध्ये कामाला येत नाही.