शिंकेने कंबरेत उसण भरू नये म्हणून

सप्टेंबर-ऑक्टोबरात गवत फुलोऱ्यावर येतं, मोकळ्या जागांत गाजरगवत माजलेलं असतं आणि त्यातच दिवाळीची साफसफाई निघते. सटासट शिंका आणि धरलेली कंबर या दोन तक्रारी मग एकाच घरात, कित्येकदा एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात. अ‍ॅलर्जीने नाकात आलेली सूज काही कंबरेत उतरत नाही. पाठीला त्रास होतो तो शिंकेच्या झटक्याचा, रात्रभर येणाऱ्या खोकल्याचा आणि चोंदलेल्या नाकामुळे मोडलेल्या झोपेचा.

शिंकेआधी आपण छातीभर श्वास घेतो आणि मग पोटाचे, बरगड्यांमधले स्नायू एकदम आवळले जातात. पोटातला दाब क्षणात वाढतो. त्याच वेळी माणूस सवयीने पुढे वाकतो आणि कोपरात शिंकायचं म्हणून एका बाजूला वळतोही. वाकणं, वळणं आणि दाब एकत्र आले की मणक्यांमधल्या गादीवर सगळ्यात जास्त ताण येतो. गादी आधीच सरकलेली असेल तर कळ थेट पायात जाते.

म्हणून शिंक येतेय असं वाटताच हातातली बादली किंवा गादी खाली ठेवावी आणि सरळ उभं राहावं. एक तळहात ओट्यावर, टेबलावर किंवा भिंतीवर घट्ट टेकवावा, गुडघे किंचित सैल सोडावेत, पोट हलकंसं आवळावं. दुसऱ्या हाताचं कोपर तोंडाशी आणावं. तोंड कोपराकडे न्यायचं नाही. सगळी मेख इथेच आहे. बसलेले असाल तर पाठ खुर्चीला टेकवून एक हात मांडीवर दाबावा. अंथरुणात असाल तर कुशीवर वळून गुडघे दुमडावेत. उताणं पडून मान उचलत शिंकलं की कंबर धरू शकते. नाक-तोंड दाबून शिंक जिरवू नये, दाब कानात आणि घशात जातो.

शिंका कमी झाल्या तर पाठही सुटते, त्यामुळे खरा उपाय नाकावरच करावा. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा स्टेरॉइड स्प्रे डॉक्टरांना विचारून, शक्यतो त्रासाचा मोसम सुरू व्हायच्या आठवडा-दोन आठवडे आधीपासून घ्यावा. एका दिवसात गुण येत नाही आणि तिसऱ्याच दिवशी 'काही फरक नाही' म्हणून बाटली कपाटात जाते. मारण्याची पद्धतही बहुतेकांची चुकते. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने मारावा, टोक त्याच बाजूच्या कानाकडे ठेवावं. मधल्या पडद्यावर फवारा बसत राहिला की घोळणा फुटतो. मान थोडी खाली असावी, श्वास हलकाच घ्यावा. जोरात ओढलं की औषध घशात जातं. नाक झटकन मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनसारखे थेंब वेगळे. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे वापरले तर नाक उलट जास्त चोंदतं.

जलनेतीसाठी, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्यासाठी, उकळून कोमट केलेलं २४० मिली पाणी, अर्धा छोटा चमचा (टीस्पून) मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा पुरतो. नळाचं पाणी न उकळता वापरू नये. मीठ कमी पडलं तर नाक झोंबतं. बेसिनवर वाकताना मात्र कंबर दुखते, म्हणून एक पाय बुटक्या पाटावर ठेवावा, मोकळा हात बेसिनच्या कडेला टेकवावा आणि वाक कंबरेतून न देता खुब्यातून द्यावा. नेतीनंतर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे मारावा, नाहीतर औषध पाण्याबरोबर वाहून जातं.

उसण भरलीच तर गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं शेकावं, दर तासाला घरातल्या घरात चार पावलं चालावं. दिवसभर पडून राहिलं की पाठ आणखी आखडते. गादी उन्हात टाकायची असेल तर दोघांनी उचलावी, आणि धूळ झाडताना मास्क लावावा.

वेदनाशामक गोळीकडे मात्र नीट बघावं. दमा किंवा नाकात मोड (पॉलिप) असलेल्या काहींना अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेतल्यावर तासा-दोन तासांत धाप लागते. पाठीसाठी घेतलेली गोळी छातीवर येते ती अशी. अशांना बहुधा पॅरासिटॅमॉल सोसतं, पण तेही विचारूनच. सर्दीच्या मिश्र गोळ्यांत बहुतेक वेळा पॅरासिटॅमॉल आधीच असतं. पाकिटामागचे घटक न वाचता दोन्ही घेतलं तर मात्रा दुप्पट होते. रात्री घेतलेल्या सेटिरिझिन या अ‍ॅलर्जीच्या गोळीने गुंगी येऊ शकते, वयस्कर माणसांनी उठताना आधार धरावा.

अ‍ॅलर्जी किंवा दम्यासाठी अनेक महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्या माणसांच्या किंवा साठीपुढच्या बायकांच्या पाठीत शिंकेनंतर एकाच जागी तीव्र कळ आली तर ती उसण समजू नये. ठिसूळ झालेला मणका शिंकेनेही दबतो, एक्स-रे काढावा. चाळिशीच्या आतल्या माणसाची पाठ रोज सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, हालचालीने मोकळी होत असेल आणि असं तीन महिने चाललं असेल, तर दोष शिंकांवर न टाकता संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. पायातली ताकद गेली, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालय गाठावं.