काळी नदीवर जाण्याआधी

फेब्रुवारीत उत्तर कन्नडातल्या काळी नदीवर पक्षी बघायला निघालेल्या आपल्या खानापूरच्या मंडळींसाठी हे लिहून ठेवतेय. निघायचं आदल्या दिवशी. लोंढा-रामनगर करत संध्याकाळीच नदीकाठचं गणेशगुडी गाठा. पहाटे घरून निघालात तर पोचेपर्यंत ऊन चढतं आणि पक्षी झाडीत गप्प होतात. नाव ठरवताना सुपा धरणाचं पाणी कधी सुटणार ते आधी विचारा. विजेसाठी पाणी सोडलं की खालच्या पात्राला जोराची ओढ येते. ते राफ्टिंगवाल्यांच्या कामाचं. आपल्याला संथ पाणी आणि टोपलीसारखी गोल कोरॅकल हवी, इंजिनाची बोट नको.

दुर्बीण ८ बाय ४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची घ्या. जास्त ताकदीची घेतलीत तर हलत्या नावेत सगळं थरथरतं. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, आवाज बंद करून. आधार कार्ड, रोख पैसे, टोपी.

कपडे मातकट रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. विजार मोज्यांत खोचायची. या दिवसांत जळवा नसतात, पण गोचिडी असतात आणि माकडताप त्यांच्यामुळेच होतो. दोडामार्गात २०१६ साली साथ आली होती, ते काही आपल्यापासून लांब नाही. मुक्कामावर आलात की गरम पाण्यानं आंघोळ करा, कपडे वेगळे टाका, पोरांच्या कानामागे आणि काखेत नीट बघा.

कडक भाकरी, शेंगाची चटणी काठावर परतल्यावर. नावेत फक्त पाणी. हात पाण्यात सोडू नका, दांडेलीकडच्या पात्रात मगरी आहेत.

आणि कान मोकळे ठेवा. मोठा धनेश, म्हणजे मोठ्या चोचीचा हॉर्नबिल पक्षी, दिसण्याआधी ऐकू येतो. पंखांचा असा भस्स-भस्स आवाज, की वाटतं डोक्यावरून कोळशाचं इंजिन चाललंय. याच दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते. उरते ती एक उभी फट. नर गळ्यात साठवलेली उंबरं एकेक करून वर काढतो, चोचीच्या टोकात धरतो आणि त्या फटीतून तिला देतो. हे बघताना माझे डोळे भरून आले होते. पण माणसं खाली थांबली तर तो ढोलीकडे यायचं टाळतो, आणि आतली उपाशी राहते. म्हणून ढोली दिसली की नावाड्याला हळूच सांगा, भाऊ, नाव पुढे घ्या.