इलेक्ट्रिक गाडीतली ॲडास आपल्या रस्त्यांवर कशी वापरावी

नवी इलेक्ट्रिक गाडी दारात आली की तिच्या ॲडासबद्दल, म्हणजे कॅमेरा आणि रडारने रस्ता बघून ब्रेक, वेग आणि स्टिअरिंगला मदत करणाऱ्या यंत्रणेबद्दल, दोन सल्ले फुकट मिळतात. एक काकांचा: 'आपल्याकडे ॲडासचा काही उपयोग नाही, पहिल्याच दिवशी सगळं बंद करून टाक.' दुसरा रीलवाल्याचा, जो समृद्धीवर स्टिअरिंग सोडून मांडी घालून बसलेला असतो. दोघांचंही ऐकू नका. काका दर खेपेला विनाकारण दमतात, आणि रीलवाल्याचं नशीब अजून चांगलं आहे, एवढंच.

क्रेटा इलेक्ट्रिक, कर्व्ह ईव्ही, हॅरियर ईव्ही, महिंद्राची एक्सईव्ही ९ई अशा गाड्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये जी ॲडास मिळते ती 'लेव्हल २' असते. म्हणजे गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्हीला हात लावते, पण चालक तुम्हीच. स्टिअरिंगमध्ये पाण्याची बाटली अडकवून गाडीला फसवणाऱ्यांनी इथेच वाचन थांबवलं तरी चालेल.

मॅन्युअल चाळलेलं आहे आणि कुठलं बटण कुठे हे माहीत आहे, असं धरून पुढे जातो.

१. काच आणि बंपर पुसा

कॅमेरा आतल्या आरशामागे, काचेला चिकटून असतो. रडार पुढच्या बंपरमध्ये किंवा जाळीमागे. या दोन जागा फडक्याने पुसायच्या, पावसाळ्यात तर प्रत्येक थांब्यावर. दसऱ्याला झेंडूचा हार घाला, पण रडारवरून नको. लिंबू-मिरचीही थोडी बाजूला बांधा. आरशाला काही लटकवायची हौस असेल तर ते कॅमेऱ्यासमोर डुलणार नाही एवढं बघा. आणि पुढे लोखंडी गार्ड लावणाऱ्या ॲक्सेसरीवाल्याला सरळ नाही म्हणा. अशा गार्डवर कारवाई करा, असं केंद्राने २०१७ मध्येच राज्यांना कळवलंय, आणि रडारसमोर लोखंड उभं केल्यावर रडारने बघायचं काय?

२. काय चालू ठेवायचं ते एकदाच ठरवा

आपोआप लागणारा आणीबाणीचा ब्रेक कायम चालू. यावर चर्चा नाही. तो शहरात फार कटकट करतो अशी तक्रार असेल तर त्याच्या इशाऱ्याची संवेदनशीलता कमीत कमी करा, ब्रेक बंद करू नका. ब्लाइंड स्पॉटचा, म्हणजे आरशात न दिसणाऱ्या बाजूचा, आणि मागे घेताना आडवं येणाऱ्याचा इशारा कायम चालू. पार्किंगमधून उलटं निघताना त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. लेन कीप, म्हणजे गाडी पट्ट्यांच्या आत ठेवायला स्टिअरिंग ढकलणारी सोय, शहरात बंद, हायवेवर चालू. काही गाड्या दर वेळी सुरू करताना ही सेटिंग पुन्हा मूळपदावर नेतात. स्टिअरिंगवर स्वतःच्या पसंतीचं बटण असेल तर ते लेन कीपला देऊन टाका.

८० च्या पुढे वाजणारी टिकटिक ॲडासची नाही. जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना तो इशारा सक्तीचा आहे. तो बंद कसा करायचा हे मला विचारू नका.

३. शहरात क्रूझ नको

ॲडॅप्टिव्ह क्रूझ म्हणजे लावलेला वेग धरणारी आणि पुढच्या गाडीपासून अंतर राखणारी सोय. कर्वे रोडवर ती लावली की गाडी इमानदारीने पुढे अंतर सोडते, आणि त्या अंतरात दोन ॲक्टिवा आणि एक रिक्षा शिरते. मग ब्रेक, मग पुन्हा अंतर, मग पुन्हा रिक्षा. शहरात वरचा रीजेन (पाय उचलल्यावर मोटरच गाडी मंदावते आणि ती ऊर्जा बॅटरीत परत घालते) किंवा वन-पेडल (तोच रीजेन इतका, की एकाच पेडलवर गाडी चालते आणि थांबते) वापरा आणि पाय स्वतःचा ठेवा.

४. हायवेवर वेग आणि गॅप लावा

मुंबई–पुणे एक्सप्रेसवेवर सपाटीला मर्यादा १००, घाटात ६०. समृद्धीवर १२०. मी बहुतेक वेळा ९० लावतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० पेक्षा १०० ला तो दीडपटीहून जास्त असतो, आणि ते थेट रेंजमधून जातं.

गॅप, म्हणजे पुढच्या गाडीपासून राखायचं अंतर, सगळ्यात मोठा. 'गॅप कमी ठेव, म्हणजे मध्ये कोणी घुसत नाही' हा सल्ला मला इतक्यांदा मिळालाय की आता मी ऐकून घेतल्यासारखं करतो. १०० च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते. बऱ्याच गाड्यांत सगळ्यात छोटा गॅप सेकंदाच्या आसपास असतो. कोणी घुसला तर घुसू द्या. गाडी थोडी मागे होईल आणि पुन्हा अंतर धरेल. तळेगावला तुम्ही फार तर मिनिटभर उशिरा पोहोचाल.

५. पुढची गाडी सुटते त्या क्षणाला तयार राहा

बाकी सगळं एका रविवारी जमतं. हे अंगवळणी पडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि शोरूमच्या टेस्ट ड्राइव्हमध्ये हे कोणी दाखवत नाही.

ॲडॅप्टिव्ह क्रूझ तुमच्या लेनमधली पुढची एक गाडी पकडते आणि तिच्या चालीने चालते. मीटरवर त्या गाडीचं छोटं चित्र दिसतं. चित्र आहे तोवर गाडी शहाणी. चित्र गेलं की पुढचे दोन-तीन सेकंद पूर्णपणे तुमचे. आणि ते चित्र तीन तऱ्हांनी जातं.

पहिली तऱ्हा साधी आहे: पुढचा लेन बदलतो. तुम्ही ट्रकमागे ६० ने चालला होता, लावलेला आकडा १००. ट्रक बाजूला झाला की गाडी १०० कडे धावत सुटते. डिझेल गाडीत गिअर पडायचा, इंजिन ओरडायचं, तेवढ्यात आपण सावध व्हायचो. इलेक्ट्रिक मोटर पूर्ण जोर शून्यापासून देते आणि आवाजही करत नाही. पाठ सीटला टेकते तेव्हाच कळतं. त्यामुळे एक नियम पाळा: लावलेला आकडा असा हवा की लेन या क्षणी मोकळी झाली तर तो वेग तुम्हाला चालेल. वाहतूक ६० वर आली असेल तर आकडाही ७० वर आणा. बटण अंगठ्याखालीच आहे. टोलनाका जवळ आला, सर्व्हिस रोडला उतरायचं असलं, तर त्याआधीच आकडा खाली. 'गाडी आपोआप हळू होतेच की' म्हणणारा माणूस पुढच्याच्या भरवशावर हळू होतोय, आणि पुढचा कुठल्याही क्षणी वळेल.

दुसरी तऱ्हा वळणाची. रडार आणि कॅमेरा समोरच्या ठरावीक कोनातच बघतात. वळण जरा कडक असलं की पुढची गाडी त्या कोनातून निसटते, आणि क्रूझ ऐन वळणात वेग वाढवते. कधी याच्या उलट होतं: शेजारच्या लेनमधला कंटेनर आपल्याच लेनमधला वाटून ती कचकन ब्रेक लावते. काही नव्या गाड्या वळण ओळखून स्वतः मंदावतात. मंदावल्या तर आनंद माना, पण त्यावर विसंबू नका.

तिसरी तऱ्हा जिवावरची. तुमच्या पुढची गाडी ऐनवेळी बाजूला होते, आणि तिच्यापुढे लेनमध्ये बंद पडलेला ट्रक उभा असतो. रडार मुख्यतः हलत्या गोष्टी ओळखण्यात हुशार आहे. उभ्या गोष्टींचे प्रतिध्वनी त्याला सतत येत असतात, पाट्यांचे, दुभाजकाचे, पुलांचे. प्रत्येकाला ब्रेक लावला तर गाडी चालणारच नाही. म्हणून क्रूझ अनेकदा आधीपासून उभ्या असलेल्या वाहनाला दाद देत नाही, आणि बहुतेक मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट छापलेलं असतं. आणीबाणीचा ब्रेक कॅमेऱ्याच्या मदतीने कदाचित लागेल, पण १०० च्या वेगात तो धडक टाळेलच असं नाही, फार तर तिचा जोर कमी करेल. आपल्याकडे बंद ट्रकच्या मागे दगड मांडतात आणि झाडाची फांदी खोवतात. फांदीचा अर्थ तुम्हाला कळतो, रडारला नाही. ऊस गाळपाच्या हंगामात, साधारण नोव्हेंबर ते मार्च, सांगली-कोल्हापूर-नगरकडे यात ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांची भर पडते. मागे लाल दिवा नाही, ऊस ट्रॉलीबाहेर आलेला, वेग जेमतेम वीसचा. मॅन्युअलमध्ये 'बाहेर आलेला माल' आणि 'वेगळ्या आकाराचं वाहन' हे इशारे असतात ना, ते हेच. त्या भागात रात्री मी क्रूझ लावतच नाही.

मग करायचं काय? पुढच्या गाडीकडे बघू नका, तिच्या पुढे बघा. तिच्या काचेतून, तिच्या कडेने, रस्त्याच्या उंचवट्यावरून, जमेल तसं. समोर बंद कंटेनर असेल आणि पलीकडचं काहीच दिसत नसेल, तर मागे राहा किंवा लेन बदला. कंटेनरच्या मागे क्रूझ लावून निवांत बसण्याइतका वाईट प्रकार नाही, आणि लोकांना नेमका तोच आरामाचा वाटतो. पुढची गाडी इंडिकेटर न देता, कारण नसताना बाजूला सरकू लागली, तर तिला काहीतरी दिसलंय. त्याच क्षणी पाय ब्रेकवर. आधी काय आहे ते बघू आणि मग ठरवू, असं नाही.

पाय कुठे असतो हेही बघा. क्रूझ लागली की लोक उजवा पाय सीटखाली ओढून घेतात. टाच जमिनीवर, पंजा ब्रेकसमोर. पंधरा मिनिटांत पोटरी अवघडते हे मान्य. मग क्रूझ काढा, थोडा वेळ स्वतः चालवा.

आणखी एक: क्रूझ चालू असताना तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलात, तर पाय उचलेपर्यंत ती स्वतः ब्रेक लावत नाही. ओव्हरटेक करून झाल्यावर पाय तसाच अलगद टेकलेला राहतो आणि आपल्याला वाटतं क्रूझ सांभाळतेय. ओव्हरटेक संपला की पाय मुद्दाम उचला.

६. क्रूझ सोडवताना आधी पाय, मग बटण

हा भाग खास इलेक्ट्रिकचा आहे. पेट्रोल गाडीत क्रूझ रद्द केली की गाडी घरंगळत राहायची. इथे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना रद्दचं बटण दाबलं, तर बहुतेक गाड्या लगेच तुम्ही निवडलेल्या रीजेनवर येतात. रीजेन वरच्या पातळीवर किंवा वन-पेडलवर असेल तर तो चांगला ब्रेकच असतो. आतले लोक पुढे झुकतात, आणि मागे तुमच्या बंपरला चिकटून आलेल्या खासगी बसच्या चालकाला काही कळत नाही.

ब्रेक दिव्यांवरही विसंबू नका. संयुक्त राष्ट्रांच्या आर१३-एच या नियमानुसार रीजेनमुळे वेग दर सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंदापेक्षा जास्त उतरत असेल तर दिवा लागलाच पाहिजे, पण ०.७ च्या खाली तो लागायचाच नाही. म्हणजे हलक्या रीजेनमध्ये तुम्ही मंदावताय आणि मागच्याला काही दिसत नाही.

म्हणून आधी पाय ॲक्सिलरेटरवर ठेवा, गाडीने किंचित ओढ घेतल्याचं जाणवेपर्यंत दाबा, मग रद्दचं बटण, मग पाय हळूहळू वर. मोकळ्या रस्त्यावर हे इतकं घोटा की विचार करावा लागू नये. सोपा पर्याय हवा असेल तर हायवेवर शिरण्यापूर्वीच रीजेन सगळ्यात खालच्या पातळीवर न्या. मी तेच करतो. वन-पेडलचे भक्त नाराज होतील, होऊ देत.

७. घाटात बंद

बोरघाटात क्रूझ आणि लेन कीप दोन्ही काढा. वळणांबद्दल वर लिहिलंच आहे. जुलै-ऑगस्टच्या धुक्यात कॅमेऱ्याला पट्टे दिसत नाहीत, आणि पुण्याहून संध्याकाळी निघालात तर मावळतीचं ऊन थेट त्याच्या डोळ्यात जातं.

उताराला रीजेन मात्र वाढवा. लोणावळा ते खोपोली साधारण साडेपाचशे मीटरचा उतार आहे. दोन टनांच्या गाडीसाठी तो जवळजवळ ३ युनिट ऊर्जेचा हिशेब होतो, आणि त्यातली बरीचशी बॅटरीत परत येते. अट एकच: बॅटरीत जागा हवी. लोणावळ्यात १०० टक्के चार्ज करून उतरायला लागलात तर रीजेन जवळजवळ मिळतच नाही, आणि नेहमीच्या सवयीने पाय उचलल्यावर गाडी मंदावत नाही. ८५ ला प्लग काढा.

८. लेन कीप: इंडिकेटर द्या

खड्डा चुकवताना इंडिकेटर दिला नाही तर स्टिअरिंग तुम्हाला खड्ड्याकडे परत ढकलतं. इंडिकेटर दिला की सोडून देतं. एवढंच आहे ते. जिथे जुने आणि नवे पट्टे एकमेकांवर रंगवलेत, म्हणजे मुंबई–गोवा महामार्गावरची काम चालू असलेली कुठलीही जागा, तिथे बंदच ठेवा.

९. काच फुटली, बंपर ठोकला, तर

पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर पुन्हा नेमकी जुळवणं, करावं लागतं. बंपर काढून बसवला असेल तर रडारचं. कोपऱ्यावरचा काचवाला 'काच तीच आहे, साहेब' म्हणेल. काच तीच असली तरी कॅमेरा अंशभर फिरला की दूरवरची गाडी त्याला भलत्या लेनमध्ये दिसते. काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये करा, जॉब कार्डवर कॅलिब्रेशनची वेगळी ओळ लिहून घ्या, आणि विम्याच्या दाव्यात तो खर्च आधीच दाखवा. बिल झाल्यावर मागितला तर सर्व्हेअर हात वर करतो.