छळछावणीतील ज्यू कैद्याची साक्ष कशी वाचावी आणि कशी शिकवावी

नाझी छळछावण्यांविषयी वर्गात शिकवायचे असेल, तर हत्या झालेल्या साठ लाख ज्यूंच्या आकड्यापासून आरंभ करू नये. आकडा खरा आहे, तो सांगायलाही हवा. परंतु तो आधी आला की त्यामागचा माणूस दिसेनासा होतो, आणि माणूस दिसू न देणे हेच त्या यंत्रणेचे काम होते. म्हणून आधी एकाच व्यक्तीची साक्ष निवडावी.

तुरिनचे रसायनशास्त्रज्ञ प्रीमो लेवी यांची साक्ष त्यासाठी मला सर्वांत योग्य वाटते. फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतील फोसोली येथून त्यांना जर्मनव्याप्त पोलंडमधील ऑशविट्झ छावणीत नेण्यात आले. निघताना हजेरी घेणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याने ‘श्ट्यूक’ किती, असे विचारले आणि ‘साडेसहाशे’ असे उत्तर मिळाले. या शब्दाला मराठीत अगदी नेमका प्रतिशब्द आहे, ‘नग’. तो फळ्यावर लिहून, आपण तो कशाकशासाठी वापरतो हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्यावे. पुढे लेवींच्या हातावर १७४५१७ हा क्रमांक गोंदला गेला, आणि तो दाखवल्याशिवाय पाव किंवा सूप मिळत नसे.

चमच्याच्या तपशिलावर मात्र घाई करू नये. नव्या कैद्याला चमचा दिला जात नसे. तो स्वतःच्या वाट्याचा पाव देऊन मिळवावा लागे, तोवर सूप जनावरासारखे चाटून प्यावे लागे. टंचाईमुळे असे होत असेल, असे वाचणाऱ्याला वाटते. परंतु छावणी मुक्त झाल्यावर तिथल्या कोठारांत हजारो चमचे पडून असलेले आढळले, असे लेवींनी नोंदवले आहे. अपमान हा व्यवस्थेचा दोष नसून तिचा हेतू होता, हे या एका वस्तूतून जितके स्पष्ट होते तितके दहा व्याख्यानांतून होणार नाही.

क्रमांकाविषयी लिहिताना एक चूक वारंवार होते, ती टाळावी. गोंदण्याची पद्धत फक्त ऑशविट्झ आणि तिच्या उपछावण्यांत होती. तिथेही ज्यांना गाडीतून उतरताच विषारी वायूच्या कोठडीकडे पाठवले, त्यांना क्रमांक मिळालाच नाही. ट्रेब्लिंकासारख्या ठिकाणी तर आलेल्या बहुतेकांना काही तासांतच मारले जाई. त्यामुळे ट्रेब्लिंकाला छळछावणी न म्हणता संहारछावणी म्हणावे.

माणसाचे नाव हिरावून घेण्याच्या या प्रक्रियेची सुरुवात छावणीच्या दाराशी झाली, असेही मानू नये. ऑगस्ट १९३८ च्या जर्मन वटहुकमानुसार, ज्या ज्यूंची नावे सरकारने ठरवलेल्या ज्यू नावांच्या यादीत नव्हती, त्यांना १ जानेवारी १९३९ पासून पुरुष असल्यास ‘इस्राएल’ आणि स्त्री असल्यास ‘सारा’ हे जादा नाव लावणे भाग पडले. जर्मनीतील ज्यूंचा स्वतःच्या नावावरचा हक्क क्रमांक येण्याच्या कितीतरी आधीच गेला होता.

छायाचित्र दाखवताना ते कोणी काढले, हे आधी सांगावे. १९४४ मध्ये हंगेरीतून आणलेल्या ज्यूंची ऑशविट्झच्या फलाटावरची जी छायाचित्रे सर्वत्र दिसतात, ती छावण्या चालवणाऱ्या एसएस या नाझी दलाच्या माणसांनी काढलेली आहेत. त्यांत आपण मारणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहत असतो. त्यांच्या शेजारी त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कैद्यांनी जीव धोक्यात घालून चोरून काढलेली चार छायाचित्रे ठेवावीत. ती तिरकी आहेत, अस्पष्ट आहेत, एकात तर केवळ झाडांचे शेंडे दिसतात; ती कापून नीट करू नयेत, कारण त्या तिरकेपणातच काढणाऱ्याची परिस्थिती आहे.

नाझी कागदपत्रांतले शब्द स्वतःच्या वाक्यात घेऊ नयेत. ‘विशेष वागणूक’ असे लिहिलेले आढळले, तर ते अवतरणात ठेवून शेजारी ‘हत्या’ असे लिहावे. विद्यार्थ्यांना कैदी आणि पहारेकरी बनवून नाट्य तर मुळीच करवून घेऊ नये. त्यातून यातना कळत नाही, तिचा खेळ होतो.

शेवटी प्रत्येकाला याद वाशेम या जेरुसलेमच्या संस्थेच्या नावांच्या संग्रहातून एकच नाव शोधायला सांगावे आणि त्या व्यक्तीचे गाव, वय, व्यवसाय लिहून आणायला सांगावे. काही रकाने रिकामे निघतील, कारण अनेक घरांत ते भरून देणारे कोणी उरले नाही. ते रिकामेच ठेवावेत. कल्पनेने भरू नयेत.