लिव्हिंग विल करताय? या चुका टाळा

लिव्हिंग विल म्हणजे पुढे स्वतः बोलता येणार नाही अशा अवस्थेत कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेला कागद. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, या समजुतीपायी आजही कितीतरी लोक मागे हटतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालात न्यायदंडाधिकाऱ्याच्या सहीची अट होती, ती २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने गेली. आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन पुरतं.

सगळ्यात घातक चूक मजकुरात होते. ‘मला मशीनवर ठेवू नका’ एवढंच लिहिलं, तर डॉक्टरांनी काय समजायचं? न्यूमोनियातून उठेपर्यंत चार दिवस लागणारा व्हेंटिलेटरही नको, की आशा संपल्यावरचा नको? मजकूर संदिग्ध असेल तर निर्णय घेणारं डॉक्टरांचं मंडळ तो अमलात आणत नाही. म्हणून अवस्था आणि उपचार दोन्ही लिहा. शुद्ध परत येणार नाही असं डॉक्टरांनी ठरवल्यावर व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न यांपैकी काय नको? वेदना कमी करणारं औषध हवंच, हेही लिहा. फॅमिली डॉक्टरांसोबत बसून हा मजकूर तयार करावा. नेटवरचा अमेरिकी फॉर्म उतरवू नका. तिथे राज्याराज्याचा कायदा वेगळा, आणि आपल्याकडे त्यातला कोणताच लागू नाही.

तुमच्या वतीने बोलणारं माणूस म्हणून फक्त परदेशातल्या मुलाचं नाव घालणंही महागात पडतं. एकाहून अधिक नावं देता येतात. त्यातलं एक तरी रात्री दोन वाजता आयसीयूबाहेर पोचू शकेल असं हवं. त्यांच्याशी आणि बाकीच्या भावंडांशी आधीच मोकळेपणी बोला, नाहीतर ऐनवेळी घरातच दोन तट पडतात.

कागद लॉकरमध्ये तर मुळीच ठेवू नका. प्रती तुमच्या वतीने बोलणाऱ्या माणसांकडे, फॅमिली डॉक्टरांकडे आणि महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या नियुक्त अधिकाऱ्याकडे द्या, पोच घ्या. विचार बदलला तर लेखी रद्द करा. दोन कागद सापडले तर शेवटी सही केलेला धरतात.

शुद्धीत असेपर्यंत डॉक्टर तुम्हालाच विचारणार, कागदाला नाही. त्यानंतरही कागद दाखवला आणि नळ्या काढल्या, असं होत नाही. आधी रुग्णालयाचं मंडळ, मग जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेल्या डॉक्टरांसह दुसरं मंडळ पाहतं. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं असतं, आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याला कळवायचं असतं. हे ठाऊक नसलं की नातेवाईक डॉक्टरांशी भांडत बसतात. त्यापेक्षा भरतीच्या वेळीच एक प्रत केसपेपरला लावायला सांगा.