मादीच्या पोटातली अंडी पिकली की जिरायला लागली, हे कसं ओळखायचं

मृगाचा पाऊस पडून बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, गढूळ पाणी उतरलं, की आमच्याकडे भंडारा-गोंदियात मत्स्यबीजाची घाई सुरू होते. जाळ्यात आलेली पोटफुगी रोहू पाहून पुष्कळजण तिने अंडी सोडावीत म्हणून लगेच औषधाची सुई भरतात. भाऊ, थोडं थांबा. फुगलेल्या पोटात पिकलेली अंडी असू शकतात, जिरत चाललेली असू शकतात, नुसता खाल्लेला कोंढाही असू शकतो.

आधी नर-मादी पाहून घ्या. छातीजवळच्या परावर बोट फिरवा. नराचा पर खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. ही खरखर अँड्रोजनमुळे येते, म्हणजे नराच्या संप्रेरकामुळे. पण हे संप्रेरक मादीच्या अंडाशयातही बनतं, आणि आपलं सगळं काम त्यावरच अडलेलं असतं.

प्रत्येक अंड्याभोवती पेशींचे दोन थर असतात. बाहेरच्या थरात टेस्टोस्टेरॉन तयार होतं. आतला थर अ‍ॅरोमॅटेज नावाच्या विकराने त्याचं इस्ट्रॅडिऑल करतो. ते रक्तातून यकृताकडे जातं, यकृत पिवळ्या बलकाचं प्रथिन बनवतं आणि ते अंड्यात भरलं जातं. म्हणजे मादीच्या अंगातलं अँड्रोजन हा इस्ट्रॅडिऑलचा कच्चा माल आहे. हे रूपांतर नीट चालू असेल तोवर अंडं जगतं. ते अडलं की पेशी स्वतःहून मरायला लागतात. शास्त्रात त्याला अपोप्टोसिस म्हणतात. प्रयोगात मोठ्या झालेल्या तिलापिया आणि झेब्राफिश माद्यांचं अ‍ॅरोमॅटेज औषधाने बराच काळ बंद ठेवलं, तर अंडी मरून गेली आणि त्या जागी वृषण तयार झालं. म्हणून सांगते, तिलापियाची पिल्लं नर करण्यासाठी मिथाइल टेस्टोस्टेरॉन घातलेलं जे खाद्य मिळतं, त्याचा कणसुद्धा प्रजनक माद्यांच्या बोडीत पडू देऊ नका. ती पोतीही वेगळ्या खोलीत ठेवा.

आता दाणे, म्हणजे पोटातली अंडी, पाहायचे. मादीला ओल्या कापडात धरा, डोळे झाका, म्हणजे ती शांत राहते. मऊ, बारीक नळी अंडवाटेतून हळूच आत सरकवा आणि थोडे दाणे ओढून घ्या. जोर लावायचा नाही. नळी अडली तर ती मादी तशीच सोडून द्या. दाणे काचेच्या बशीत घेऊन त्यावर ६० भाग अल्कोहोल, ३० भाग फॉर्मेलिन आणि १० भाग अ‍ॅसेटिक आम्ल यांचं मिश्रण टाका. फॉर्मेलिन डोळ्यांना झोंबतं, म्हणून हे काम परसात, हातमोजे घालून करा.

पाचेक मिनिटांत दाणा पारदर्शक होतो आणि आतलं केंद्रक ठिपक्यासारखं दिसायला लागतं. भिंग घ्या, घाई करू नका. ठिपका मधोमध असेल तर मादी कच्ची आहे, तिला परत सोडा. बहुतेक दाण्यांत ठिपका कडेकडे सरकलेला असेल तर ती सुईला तयार आहे. आणि दाणे एकसारखे गोल नसतील, काही चपटे, काही फुटके, बलक पातळ होऊन डागाळलेला असेल, तर अंडी जिरायला लागली आहेत. अशा दाण्यात ज्या आतल्या थराने अंडं पोसलं, त्याच्याच पेशी फुगून बलक गिळतात आणि शेवटी स्वतःही मरतात.

अशा मादीला सुई देऊन उपयोग नाही, हे माझं ठाम मत आहे. सुईतलं ओव्हाप्रिमसारखं औषध तिच्याच पिट्युटरीला, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीला, चाळवतं. तिथून निघालेल्या संप्रेरकाच्या हुकमाने अंड्याभोवतीच्या पेशींनी पिकवणारं स्टेरॉइड बनवायचं असतं. त्या पेशीच मेल्या असतील तर हुकूम ऐकणार कोण? औषध वाया जातं आणि मादीला उगाच त्रास होतो. तयार रोहूला मात्र किलोमागे ०.३ ते ०.४ मिलि पुरतं. नराला त्याहून कमी द्या. सुई संध्याकाळी दिली की अंडी साधारण पहाटेपर्यंत हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीदार कापडाच्या पेटीत, पडतात.

अंडी जिरण्याचं मोठं कारण मी पाहते ते म्हणजे माद्यांची दमणूक. ऐन पावसाळ्यात वारंवार जाळं ओढणं, एका टाक्यात खूप माद्या कोंबणं, उथळ तापलेल्या पाण्यात तासन् तास ठेवणं. ताणाने इस्ट्रॅडिऑल उतरतं आणि वरची सगळी साखळी तुटते. म्हणून निवड एकाच ओढणीत, सकाळच्या गारव्यात उरकून घ्या.

जिची अंडी जिरली ती मादी बाजारात नेऊ नका. तिला वेगळ्या बोडीत मोकळी सोडा आणि थंडी सरली की भुईमुगाची ढेप व धानाचा कोंढा रोज एका ठरलेल्या जागी द्या. पुढच्या मृगात तिचेही दाणे काचेवर घेऊन पाहा.